दोन निर्दोषांमधला दोष

एका मदरबोर्डवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप एकत्र नांदत असतात. प्रत्येक चिप आपल्या कारखान्यात तपासून निघालेली असते आणि ठरलेले नियम पाळल्याचा निर्वाळा तिच्या कागदपत्रांत असतो. तरीही अमुक चिप तमुक कार्डाच्या शेजारी आली की मशीन मध्येच हँग होते. कधी त्याहून वाईट घडते आणि पडद्यावर काहीच न दाखवता डिस्कवरची फाईल बिघडून बसते. तीच चिप दुसऱ्या जोडीदाराबरोबर बिनतक्रार चालते, तेच कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये उत्तम काम करते. मग दोष नेमका कुठे राहतो? आणि ज्याचा हिशेब, प्रबंध किंवा कुटुंबाचे फोटो गेले, त्याने कोणाच्या दारात उभे राहायचे? पहिला प्रश्न अभियंत्यांचा वाटतो, दुसरा ग्राहक आयोगाचा. माझ्या मते दोन्ही मुळात तत्त्वज्ञानाचे प्रश्न आहेत आणि आपण त्यांना एकच समजतो म्हणून सगळा घोळ होतो. कारण अनेकांमध्ये वाटलेले असू शकते. ज्याचे नुकसान झाले त्याला उत्तर देण्याची जबाबदारी मात्र तशी वाटून टाकता येत नाही. ज्याने सुटे भाग एकत्र करून ‘ही एक वस्तू आहे आणि ती चालेल’ असे वचन दिले, त्याने आधी उत्तर द्यावे. कारणाची वाटणी त्यानंतर करावी.

प्रश्न काल्पनिक नाही. २००१ साली तैवानच्या व्हाया कंपनीची ६८६बी ही चिप एएमडी प्रोसेसरच्या अनेक मदरबोर्डवर होती. मोठ्या फायली एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेताना त्या बिघडतात, असे वापरणाऱ्यांच्या लक्षात येऊ लागले. क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड बसवलेल्या मशीनमध्ये हा त्रास विशेष दिसे, म्हणून बोट आधी कार्डाकडे गेले. पण ते कार्ड इतर चिपसेटवर नीट चालत होते, तेव्हा बोट पुन्हा चिपकडे वळले. डिस्कची वाहतूक आणि कार्डाची वाहतूक पीसीआय या एकाच सामायिक मार्गावरून होत होती आणि तो मार्ग कोणी किती वेळ अडवायचा, याबद्दल दोघांचे जमत नव्हते. शेवटी बोर्ड बनवणाऱ्यांनी बोर्ड सुरू करणाऱ्या बायोस या प्रणालीतल्या सेटिंग बदलल्या आणि व्हायाने ड्रायव्हरमधून दुरुस्ती दिली. याच्या उलट उदाहरण २०११ च्या जानेवारीतले आहे. इंटेलच्या ६ सीरिज चिपसेटमध्ये डिस्क जोडण्याची काही पोर्ट काळाच्या ओघात निकामी होऊ शकतात, हे उघड झाले. तो दोष एकाच चिपच्या पोटात होता. इंटेलने माल पाठवणे थांबवले, दोष आपला असल्याचे जाहीर केले आणि दुरुस्तीसाठी व बदलून देण्यासाठी सुमारे ७० कोटी डॉलरचा खर्च अंदाजला. दोष एकाच्या घरात असला की जबाबदारीचा पत्ता लगेच सापडतो. तो दोघांच्या मधल्या गल्लीत असला की पत्ताच हरवतो.

ही मधली गल्ली आपल्याकडच्या तर्कशास्त्राने फार पूर्वी ओळखली होती. न्याय-वैशेषिक परंपरेत संयोग हा एक गुण मानला आहे आणि तो एका द्रव्यात राहत नाही, दोन द्रव्यांत मिळून राहतो. कापडाचे उदाहरण घेऊन ही परंपरा तीन कारणे सांगते. धागे हे समवायी कारण, धाग्यांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण आणि माग, धोटा, विणकर ही निमित्तकारणे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’मुळे ही विभागणी आजही विद्यार्थ्यांच्या तोंडी असते. ती मदरबोर्डला लावून पाहिली की बराच धूर निवळतो. चिप म्हणजे धागे. त्यांच्यातला विद्युत आणि वेळेचा मेळ म्हणजे संयोग. ज्याने त्या निवडल्या, एका बोर्डवर बसवल्या, त्यांना चालवणारा बायोस लिहिला आणि वर आपले नाव छापले, तो विणकर. धागे निर्दोष असूनही कापड विरळ निघू शकते, कारण विरळपणा हा धाग्याचा गुणच नव्हे. तेव्हा ‘आमची चिप तपासून घ्या, ती निर्दोष आहे’ हे विधान खरे असूनही प्रश्नाला लागू पडत नाही. आणखी एक गोष्ट या विभागणीतून दिसते. धागा उत्तर देऊ शकत नाही आणि संयोगही देऊ शकत नाही. तिन्ही प्रकारांत ज्याला विचारता येईल असा चेतन घटक फक्त निमित्तकारणांत सापडतो.

यावर बौद्ध परंपरेतून एक भेदक शंका घेता येते. ‘मिलिंदप्रश्ना’त भदंत नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतात. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? यांतले काहीच रथ नाही आणि यांच्याखेरीज वेगळा रथही सापडत नाही. ‘रथ’ हा त्या जुळणीला दिलेला व्यवहारातला शब्द आहे. मग कॉम्प्युटर नावाची वेगळी वस्तूच नसेल, तर त्या वस्तूचा दोष आणि त्याची जबाबदारी तरी कुठून येणार? मला वाटते, नागसेनांचा युक्तिवाद जबाबदारी पुसून टाकत नाही, उलट ती कोणाकडे जाते ते दाखवतो. अखंड वस्तू निसर्गात आयती पडलेली नसेल आणि नाव दिल्यानेच ती व्यवहारात उभी राहत असेल, तर नाव देणारा महत्त्वाचा ठरतो. सुट्या भागांच्या ढिगाला त्याने एक नाव दिले, त्या नावाने किंमत घेतली आणि घेणाऱ्याने त्या नावावर विसंबून पैसे मोजले. आपला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उत्पादकाची व्याख्या करताना याच दिशेने जातो. वस्तू किंवा तिचे भाग घडवणारा तर उत्पादक आहेच, पण दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडणाराही उत्पादक आहे आणि दुसऱ्याच्या वस्तूवर स्वतःची मुद्रा उमटवणाराही उत्पादक आहे. कायदा घडवणाऱ्यांनी बौद्ध ग्रंथ समोर ठेवले नव्हते. तरीही जुळणी आणि नाव या दोन्ही कृती जबाबदारी निर्माण करतात, हे त्यांनाही मान्य करावे लागले.

या तत्त्वाचा पुरावा कुर्ल्यात रुळांवर मिळतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने धावली. तारेतला दाब १,५०० व्होल्ट डीसी होता. पुढे देशभर २५,००० व्होल्ट एसी ही पद्धत रूढ झाली आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दोन विसंगत व्यवस्थांची गाठ पडली. एका तारेसाठी बनलेली गाडी दुसऱ्या तारेखाली चालू शकत नाही. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी निर्दोष होत्या, अडचण त्यांच्या संगमावर होती. मुंबई रेल्वे विकास महामंडळाच्या काळात दोन्ही दाबांवर चालणारे रेक आणले गेले. २००७ पासून धावू लागलेल्या अशा गाड्यांचे डबे चेन्नईच्या कारखान्यातले होते आणि विद्युत यंत्रणा सीमेन्सची होती. २५,००० व्होल्टच्या तारेला पुलाखाली अधिक मोकळी जागा लागते, म्हणून काही पुलांखालचे रूळ खाली घेतले गेले. पश्चिम रेल्वेवरचे काम २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे २०१५ मध्ये पूर्ण झाले. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गही बदलला आणि डीसी लोकलचे पर्व संपले. या वर्षांत गाडी बंद पडली की प्रवासी डब्यांच्या कारखान्याला किंवा सीमेन्सला विचारायला गेला नाही. त्याने रेल्वेला विचारले आणि रेल्वेला ‘तार आमची, पण मोटार दुसऱ्याची’ असे म्हणायची सोय नव्हती. भाग कितीही हातांनी बनलेले असोत, तिकीट एकाने दिले होते. सांधा जुळवण्याची निकडही म्हणूनच एकाच्या अंगावर आली आणि तो जुळला.

त्याच उपनगरांत उलट उदाहरणही आहे. अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करून पाडला गेला आणि नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली. तेव्हा लोकांना दिसले की शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंची जुळतच नाही. दोघांमध्ये दीड-दोन मीटरचे अंतर पडले होते. रुळांवरच्या भागाची उंची रेल्वेच्या नव्या निकषांमुळे वाढली, असे स्पष्टीकरण महापालिकेने दिले. म्हणजे रेल्वेचा निकष आपल्या जागी योग्य होता आणि जुना उड्डाणपूल आपल्या जागी भक्कम होता. चुकला तो दोघांना जोडणारा विचार, आणि तो करण्याचे काम ठसठशीतपणे कोणाच्याच नावावर दिसत नव्हते. पुढे व्हीजेटीआय या मुंबईतल्या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला गेला आणि त्या वर्षीच्या जुलैत दोन्ही जोडले गेले. सांधा जुळवणे अशक्य नव्हते, हे त्या चार महिन्यांनी सिद्ध केले. कोणा एकाने तो आपला मानल्यावरच तो जुळला, हेही सिद्ध केले.

आता चिपच्या जगातले अलीकडचे आणि सर्वांत बोलके प्रकरण पाहू. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये गाजू लागल्या. प्रोग्राम बंद पडत, मशीन कोसळे. सुरुवातीला रोख मदरबोर्ड बनवणाऱ्यांकडे होता. वेगाच्या स्पर्धेत त्यांनी वीजपुरवठ्याच्या मर्यादा सैल ठेवल्या, असा तो आक्षेप होता. जुलैमध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसरच्या आतल्या मायक्रोकोड या सूचनासंचाकडूनच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजची मागणी होत होती. सप्टेंबरमध्ये मूळ कारण सांगितले गेले. प्रोसेसरच्या आतले घड्याळाचे एक सर्किट जास्त व्होल्टेज आणि उष्णतेत झिजत होते. तशी स्थिती ओढवणाऱ्या चार परिस्थितीही सांगितल्या गेल्या. एकीत बोर्डची सेटिंग होती, दोहोंत मायक्रोकोड होता आणि एकीत मायक्रोकोड व बायोस दोघेही. म्हणजे कारण खरोखरच वाटलेले होते आणि बोर्डवाल्यांकडे दाखवलेले बोट अगदीच खोटे नव्हते. पण त्या महिन्यांत ज्याचा प्रोसेसर झिजत राहिला त्याला या वाटणीचा काय उपयोग? झिजलेली चिप नव्या मायक्रोकोडने पूर्ववत होत नाही. इंटेलने ऑगस्टमध्ये वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, तेव्हा घेणाऱ्याला पहिला खरा आधार मिळाला. कारणाचा शोध सप्टेंबरात पूर्ण झाला, जबाबदारी ऑगस्टमध्ये घेतली गेली. माझे म्हणणे या क्रमात आहे. जबाबदारी घ्यायला पूर्ण कारण कळण्याची वाट पाहावी लागत नाही आणि जो तशी वाट पाहतो तो दुसऱ्याच्या नुकसानीवर पाहतो.

यावर पहिला गंभीर आक्षेप थेट गीतेच्या आधाराने घेता येतो. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याला वस्तुस्थिती दिसत नाही, असेही तिथे म्हटले आहे. मग पाचांतल्या एकालाच धरून जाब विचारणे हे अज्ञान नाही का? हा आक्षेप वजनदार आहे, पण तो चुकीच्या तोंडी शोभत नाही. कर्तेपणाचा विचार तिथे साधकाचा अहंकार उतरवण्यासाठी आला आहे, कर्तव्य टाळण्यासाठी नाही. ज्या अध्यायात ही पाच कारणे आहेत, त्याच अध्यायात नियत कर्म सोडू नये हा आग्रहही आहे. यश आले तेव्हा ‘पाच कारणांनी आले’ म्हणणारा नम्र असतो. नुकसान झाले तेव्हाच ज्याला पाच कारणे आठवतात, तो नम्र नसतो. न्यायालयांनीही अनेक कारणांचा हा पेच सोडवला आहे. दोन वाहनांच्या चुकीमुळे तिसऱ्याला इजा झाली, तर तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेनयेई प्रकरणात स्पष्ट केले. कोणाचा वाटा किती, हे त्या दोघांनी आपसात पाहायचे. जखमी माणसाने अपराधाची टक्केवारी काढत बसू नये, हे त्यामागचे शहाणपण आहे.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा उपनगरातल्या एखाद्या गाळ्यात मशीन असेंबल करून देणाऱ्या छोट्या दुकानदाराला एका मशीनमागे मोजकेच पैसे सुटतात. तैवानमधल्या चिपच्या आत काय आहे हे त्याला कसे कळणार? त्याच्यावर सारे ढकलणे म्हणजे साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीवर सर्वांत मोठे ओझे लादणे नव्हे का? मी हा आक्षेप अर्धा मान्य करतो. पहिले उत्तर देणे आणि अखेरचा भार सोसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुकानदाराने ग्राहकाला दारातून परत पाठवू नये, मशीन तपासावे, तक्रार आपली म्हणून वर न्यावी, एवढे त्याचे वचन आहे. बदली भागाचा आणि नुकसानीचा खर्च मात्र वितरकाकडून बोर्ड कंपनीकडे आणि तिथून चिप कंपनीकडे चढत गेला पाहिजे. आज नेमका हाच जिना तुटलेला आहे. बोर्डचे सर्व्हिस सेंटर रॅमकडे बोट दाखवते, रॅमवाले प्रोसेसरकडे, आणि दुकानदार व ग्राहक दोघेही त्यांच्या मध्ये हेलपाटे घालतात. दुबळ्याची दया येत असेल तर हा जिना बांधला पाहिजे. ग्राहकाला तळाशी सोडून देणे हा दयेचा मार्ग नाही.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञांचा आहे. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कार्ड आणि ड्रायव्हर यांच्या जोड्या अगणित असतात. सगळ्या तपासणे कोणालाच शक्य नाही. इतकी जबाबदारी घातली तर कोणाचाही भाग कोणाच्याही बोर्डवर बसवण्याची मोकळीक संपेल आणि सगळे काही एकाच कंपनीचे असलेली बंद मशीनच उरतील. मोकळी जुळणी हे स्वस्त कॉम्प्युटरचे मूळ आहे, ते मलाही गमवायचे नाही. पण माझी मागणी सर्वज्ञतेची नाही, सत्याची आहे. मदरबोर्ड कंपन्या कोणत्या रॅम तपासल्या याची यादी देतातच. मोठ्या चिप कंपन्या आपल्या प्रोसेसरमधल्या ज्ञात चुकांची पत्रकेही काढतात. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते आपापली उपकरणे एका जागी आणून एकमेकांशी जोडून तपासतात, अशी शिबिरे यूएसबी आणि पीसीआयची मानके सांभाळणाऱ्या संस्था भरवतात. मोकळीक टिकली ती मानके आणि अशा तपासण्यांमुळे. जे तपासले ते सांगावे, जे तपासले नाही तेही सांगावे आणि तपासल्याचे सांगितलेली जोडी बिघडली तर मागे हटू नये. न तपासलेली जोडी ग्राहकाने जाणूनबुजून स्वतः जोडली, तर त्या जुळणीचा विणकर तो स्वतः असतो आणि त्याने तेवढा वाटा उचललाच पाहिजे. मात्र ज्ञात चूक त्याच्यापासून लपवली गेली असेल, तर त्याचे ‘जाणूनबुजून’ उरत नाही.

इथे एका मोठ्या विचाराचा आधार घ्यावासा वाटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात धम्माचे स्थान माणसामाणसांतल्या संबंधांत दाखवले आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोघे एकत्र आले की ती टाळता येत नाही, असा तो विचार आहे. नीती एका माणसाच्या आत संपत नाही, ती दोघांच्या मध्ये राहते. आपण मात्र शुद्धता आतमध्ये शोधायला सोकावलो आहोत. माझा भाग शुद्ध, माझे हात स्वच्छ, माझा कागद बरोबर, एवढ्यावर आपले समाधान होते. मदरबोर्डचा हा साधा बिघाड त्या समाधानाची मर्यादा उघडी पाडतो. नियम पाळून, कोणाचेही वाईट न चिंतता दोन पक्ष मिळून तिसऱ्याचे नुकसान करू शकतात. अशा नुकसानीला दुष्ट माणूस सापडत नाही, म्हणून तिला अन्यायच न मानण्याची सवय लागते. पण सोसणाऱ्याला ती तितकीच जाणवते. चिप बनवणाऱ्याची जबाबदारी ‘माझी चिप बरोबर आहे’ इथे संपू नये. शेजारच्या चिपला आपल्याशी नीट वागता यावे यासाठी लागणारी प्रत्येक माहिती, आपल्या उणिवांसह, वेळेवर देणे हाही त्याच्या मालाचा भाग आहे. संयोग दोघांत राहतो, म्हणून त्याची काळजीही दोघांवर येते.

ही काळजी कोणी घेतली नाही तर दोष नाहीसा होत नाही, तो खाली सरकतो. ज्याचा निकाल कधीच लागत नाही असा बोर्ड एक दिवस भंगारात जातो, आणि मुंबईत साकीनाका-कुर्ल्याच्या पट्ट्यातल्या भंगाराच्या गाळ्यांत तो मोडणारे हात धूर आणि शिसे अंगावर घेतात. त्या हातांनी ती चिप बनवली नव्हती, निवडली नव्हती, विकलीही नव्हती. ई-कचऱ्याच्या नियमांत २०११ पासून उत्पादकाची जबाबदारी विक्रीनंतरही चालू राहते असे तत्त्व आले आहे. वस्तू मेल्यावरही बनवणारा सुटत नाही, हे आपण कायद्याने मान्य केले. मग वस्तू जिवंत असताना, वापरणाऱ्याच्या टेबलावर बिघडत असताना तो का सुटावा? म्हणून मागणी साधी आहे. जुळणी करणाऱ्याने बिलावर लिहावे की या जोड्या तपासल्या आहेत आणि यांचे उत्तर मी देईन. बोर्ड कंपनीने त्या दुकानदाराची तक्रार दुसऱ्या कंपनीकडे न टोलवता स्वीकारावी. चिप कंपनीने आपल्या ज्ञात चुका सामान्य दुकानदारालाही समजतील अशा भाषेत उघड ठेवाव्यात. दोष कोणाचा हे ठरवायला त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ द्या. त्या वेळेची किंमत मात्र ज्याने कोणताच धागा विणला नाही त्याच्याकडून वसूल होता कामा नये.